दगडावरची सात अक्षरं

कोल्हापुरातच एम. ए. करणाऱ्या एका मुलीनं तिच्या प्रकल्पाचा मसुदा पाठवलाय, सोबत तीन प्रश्न. मसुदा अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांच्या १९८७ सालच्या 'बिलव्हेड' या कादंबरीवर आहे आणि विषय गुलामगिरी आणि मृत्यू. प्रश्न असे: सेथ या नायिकेला आई म्हणून रंगवायचं की खुनी म्हणून? गुलामगिरी आणि मृत्यू ही दोन आशयसूत्रं वेगळ्या प्रकरणांत घ्यायची की एकत्र? आणि मराठीतलं काही शेजारी मांडलं तर परीक्षक 'विषयांतर' असा शेरा मारतील का?

कादंबरी ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी चार ओळी. सेथ ही केंटकीतल्या एका मळ्यावरची गुलाम बाई. १८५५ साली पोटुशी असताना ती पळते आणि ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला सासूच्या घरी पोचते. २८ दिवस मोकळी जगते. मग मळ्याचा कारभारी धरून न्यायला येतो, तेव्हा ती पोरांना घेऊन मागच्या खोपीत शिरते आणि रांगत्या लेकीचा गळा करवतीनं कापते. बाकीची मुलं वाचतात. अठरा वर्षांनी एक तरुण मुलगी त्या घरापाशी येऊन बसते आणि मेलेली लेकच परत आलीय असं हळूहळू घरातल्यांना वाटायला लागतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. खुशाल मांड. कादंबरी सुरू होते ती १८७३ साली. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं, आणि ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या सदाचारी लोकांना. आपल्या भाषेतला एक माणूस त्या साली त्या देशाकडं बघत होता. एवढा धागा परीक्षकाला पुरे. पण त्यात एक गंमत आहे, ती सोडू नकोस. जोतीरावांना लांबून दिसत होती ती संपलेली गुलामगिरी. मॉरिसनच्या कादंबरीत त्याच सुमाराला स्टॅम्प पेड नावाच्या म्हाताऱ्याला नदीच्या पाण्यात लाल रिबीन सापडते, आणि तिला डोक्याच्या कातड्यासकट केस चिकटलेले असतात. कायदा झाला तरी माणसं मारली जातच होती. ही दोन १८७३ समोरासमोर ठेवलीस तर तुझं तुलनेचं प्रकरण उभं राहील.

आता पहिले दोन प्रश्न. ते मुळात एकच आहेत.

आपल्याकडं व्यक्तिचित्रण शिकवतात ते स्वभावापासून. नायिका धीट आहे, मायाळू आहे, हट्टी आहे, तिच्यात अमुक एक दोष आहे आणि त्यानं तिचा घात होतो. हे राजाराण्यांच्या शोकांतिकेला ठीक आहे. तिथं निर्णय पात्राच्या हातात असतो, म्हणून स्वभावाला वजन असतं. गुलामगिरीच्या साहित्यात स्वभावाच्या आधी हिशेब बघायचा. हे माणूस कुणाच्या वहीत लिहिलंय, कुठल्या रकान्यात, किती किमतीला, आणि मेल्यावर त्याचं नाव वहीतून कोण खोडतं. स्वभाव कळतो तो त्यानंतर, वहीच्या समासात. आणि मरण हे वेगळं सूत्र उरतच नाही, कारण त्या वहीतली शेवटची नोंद तीच असते.

हे मला पुस्तकांनी शिकवलं असं म्हणायला आवडलं असतं. शिकवलं एका विद्यार्थिनीनं. मी ही कादंबरी शिकवायला लागले तेव्हाची पहिली काही वर्षं पहिल्या प्रकरणातलं एक पान गाळायचे. वर्गात पोरं-पोरी एकत्र, निम्मी खेड्यांतनं एस. टी.नं आलेली. ते पान आलं की 'हे घरी वाचा' म्हणून पुढं सरकायचे. एका वर्षी गगनबावड्याकडची एक मुलगी तास संपल्यावर थांबली. तिचे वडील पाट्या रंगवायचे. म्हणाली, "मॅडम, थडग्याच्या दगडावर नाव घालायला तिनं पैसं कुठनं आणलं? अक्षराला दर असतोय."

गाळलेलं पान तेच होतं. सेथकडं पैसे नव्हते. दगड कोरणाऱ्यानं दहा मिनिटं मागितली, तिनं दिली. थडग्यांच्या दगडांमध्येच, एका दगडाला टेकून, आणि कोरणाऱ्याचा मुलगा बघत उभा. दहा मिनिटांत सात अक्षरं मिळाली, इंग्रजीत त्या शब्दाची अक्षरं तेवढीच होतात: बिलव्हेड, लाडकी. दफनाच्या वेळी पाद्र्यानं म्हटलेले दोन शब्द तिच्या डोक्यात होते, त्यातला एकच दगडावर आला. पुढं कितीतरी वर्षं ती मनात घोळवत राहते, आणखी दहा मिनिटं दिली असती तर दुसराही आला असता का. वीस मिनिटं, अर्धा तास म्हटलं असतं तर?

पाट्या रंगवणाऱ्याच्या मुलीला जे दिसलं ते मला शरमेपोटी दिसत नव्हतं. मालकाच्या तावडीतून सुटलेली बाई लेकीसाठी काही विकत घ्यायला जाते, तर तिच्याकडं चलन एकच आहे आणि ते गुलामगिरीतलंच आहे. शिवाय दगडावर जे कोरलं गेलं ते मुलीचं नाव नाहीच. नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. पाद्री तो शब्द म्हणतो तोही मयताला उद्देशून नव्हे, भोवती जमलेल्या जित्यांना उद्देशून. म्हणजे मेलेल्या पोरीच्या उशाशी जिवंत माणसांना हाक मारणारा शब्द, अर्धाच, शरीर मोजून घेतलेला. सेथचं व्यक्तिचित्र लिहायचं तर सुरुवात इथनं कर. तुझ्या मसुद्यात हे पान नाही. तूही गाळलंस की काय?

आता वही. हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. मळ्यावर पहिला मालक मेल्यावर जो कारभारी येतो त्याला सगळे स्कूलटीचर म्हणतात, मास्तर. तो गुलामांची मापं घेतो, दात मोजतो, टिपणं काढतो. सेथच्या कानावर एकदा त्याचा धडा पडतो. पुतण्यांना तो सांगत असतो: तिची माणसासारखी लक्षणं डाव्या बाजूला लिहा, जनावरासारखी उजव्या बाजूला, आणि ओळी नीट आखून घ्या. ज्या शाईनं हे लिहिलं जातं ती शाई सेथच घोटून देते. मास्तर चाबूक कमी वापरतो म्हणून त्याला 'तुलनेनं सौम्य' असं लिहिलंयस तू. रकाने पाडणारा सौम्य कसा? चाबकाचा वळ पाठीवर राहतो. रकान्याचं काय होतं बघ. सेथनं लेकीला मारलं हे अठरा वर्षांनी पॉल डीला कळतं, तेव्हा तिच्यावर जीव असलेला हा माणूस, स्वतः त्याच मळ्यावर राबलेला, तिला म्हणतो की तुला दोन पाय आहेत, चार नाहीत. उजवा रकाना मालकाच्या वहीतून निघून त्याच्या तोंडात येऊन बसलाय. ही दोन पानं एकमेकांसमोर ठेवून चार वाक्यं लिही, पात्रपरिचयाची दहा पानं वाचतील.

पॉल डीचीही नोंद बघ. पळून जाताना पकडला जातो तेव्हा त्याला स्वतःची किंमत पहिल्यांदा कळते: ९०० डॉलर. तोंडात लोखंडी लगाम घातलेला असतो आणि अंगणात मिस्टर नावाचा कोंबडा ऐटीत बसलेला असतो. त्या कोंबड्याचं अंडं फुटेना तेव्हा पॉल डीनंच त्याला बाहेर काढलं होतं. कोंबडा कोंबडाच राहिला, कापून शिजवला तरी मिस्टर नावाच्या कोंबड्याला शिजवलं असं म्हणतील. आपण मात्र आता मेलो तरी पॉल डी म्हणून मरणार नाही, असं त्याला वाटतं. मरणाबद्दलचं याहून भेदक वाक्य मला या कादंबरीत दुसरं सापडलेलं नाही, आणि त्यात मरण्याची भीती कुठंच नाही. मेल्यावर मेलं कोण, हा त्याचा प्रश्न आहे.

'आई की खुनी' या प्रश्नावर येऊ. कादंबरीमागं खरी घटना आहे. मार्गारेट गार्नर नावाची बाई १८५६च्या जानेवारीत गोठलेली ओहायो नदी चालत ओलांडून केंटकीतून सिनसिनाटीला आली. पकडायला आले तेव्हा तिनं दोन वर्षांच्या मुलीला मारलं. आता कोर्टात काय झालं बघ. १८५०च्या फरारी गुलामांच्या कायद्याप्रमाणं ती मालमत्ता, मालकाला परत द्यायची. तिच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या वकिलानं मागणी केली की ओहायोत तिच्यावर खुनाचा खटला चालवा. स्वतःच्या अशिलावर खुनाचा खटला मागणारा वकील! पण त्याचा हिशेब बरोबर होता. खून माणूस करतं, मालमत्ता करत नाही. खटला उभा राहिला असता तर ती माणूस ठरली असती. तो उभा राहिला नाही. तिला परत नेलं, पुढं दक्षिणेत धाडलं, आणि १८५८ साली ती विषमज्वरानं गेली.

म्हणजे 'आई की खुनी' हे दोन्ही शब्द तिला कायद्यानं नाकारलेले होते. आई नाही, कारण पोर मालकाचं. खुनी नाही, कारण ती स्वतः मालकाची. तू या दोनांतला एक निवडायला बसलीस तर नकळत कोर्टाच्याही मागं जातेस. मॉरिसननं केलंय ते असं, की दोन्ही शब्द तिला परत मिळवून दिलेत आणि त्यांचं ओझंही तिच्याच डोक्यावर ठेवलंय. कादंबरी तिला माफ करत नाही, फासावरही देत नाही.

हे कळायला प्रसंग कुठल्या क्रमानं सांगितलाय ते तपास. खोपीतला प्रसंग पहिल्यांदा आपल्याला दिसतो तो चार घोडेस्वारांच्या नजरेतून: मास्तर, त्याचा एक पुतण्या, गुलाम पकडणारा आणि शेरीफ. त्यांच्या भाषेत तो नुकसानीचा पंचनामा आहे. नेण्यासारखं काही उरलं नाही, मास्तर परत फिरतो. दुसऱ्यांदा येतं ते वर्तमानपत्राचं कात्रण. पॉल डीला वाचता येत नाही, तो छापलेल्या चित्राकडं बघून म्हणत राहतो की हे तोंड तिचं नव्हे. आणि तिसऱ्यांदा सेथ स्वतः सांगते, पण सांगताना ती स्वयंपाकघरात गोल गोल फिरत राहते, मधल्या गोष्टीपाशी पोचतच नाही. पोचते तेव्हा विचार म्हणून तिच्याकडं एकच शब्द आहे: नाही, नाही, नाही. सावकाराची भाषा, पेपरची भाषा, मग आईची तुटकी भाषा. बहुतेक प्रकल्पांत हा प्रसंग एका परिच्छेदात सलग सांगून टाकतात, 'सेथ आपल्या मुलीची हत्या करते' असा. त्या वाक्यात कादंबरी संपली.

तुझ्या मसुद्यात पान सातवर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'सेथच्या दृष्टीने मृत्यू हीच खरी मुक्ती.' इथं मी लाल पेन उचललं. लांबलेल्या आजारपणानंतर कुणी गेलं की आपण 'सुटला बिचारा' म्हणतो. ती आपली सवय तू सेथच्या तोंडी घातलीस. ती काय म्हणते ते बघ: लेकरांना सुरक्षित राहतील अशा ठिकाणी ठेवलं. सुरक्षित. मुक्त नव्हे. पेटीत दागिना ठेवावा तसा तो शब्द आहे, आणि त्यात मालकीची छाया आहे, म्हणूनच तो अंगावर येतो. पॉल डी तिला विचारतो की उपयोग झाला का. ती म्हणते, झाला. आणि घरात बघावं तर दोन मुलगे पळून गेलेले, एक लेक अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही, आणि मेलेली परत आलेली. मुक्ती मिळालेलं माणूस परत येऊन साखर मागत नाही, आणि ही मुलगी सारखं गोडधोड मागत असते.

इथं मराठी वाचकाला एक फायदा आहे आणि एक धोका. पंचगंगेच्या घाटावर दहाव्याला कावळा शिवायची वाट बघत उभं राहिलेल्या माणसाला मेलेल्याची इच्छा मागं राहते म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. कावळा शिवेना की घरातलं कुणीतरी पुढं होऊन म्हणतं, पोरांचं सगळं करतो, काळजी करू नको. मेलेल्याशी असा थेट व्यवहार आपल्याकडं अजून चालतो. पण म्हणून बिलव्हेडला 'वासना राहिलेलं भूत' म्हणून मोकळी होऊ नकोस. दुसऱ्या भागात ती मुलगी एकटी बोलते ते प्रकरण पुन्हा वाच. त्यात खोप नाही, करवत नाही. अंधार आहे, दाटीवाटीनं उकिडवी बसलेली माणसं आहेत, तोंडावर पडलेला मेलेला माणूस आहे, समुद्र आहे. हे आफ्रिकेतून माणसं भरून आणणाऱ्या जहाजाच्या पोटातलं बोलणं आहे. पुस्तकाची अर्पणपत्रिकाच सहा कोटी आणि त्याहून अधिकांना उद्देशून आहे. त्यांचा ना दहावा झाला ना बारावा, कुणी नाव घेऊन पाणी सोडलं नाही. एका पोरीच्या तोंडून ते सगळे परत येतात. घरगुती भूत म्हणून वाचलं तर हे सहा कोटी हातचे जातात.

गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५ सालचं आत्मकथन शेजारी घे. लहान पुस्तक आहे, दोन रात्रीत होतं. त्यात मरणाचे उल्लेख शोध, आणि प्रत्येकापुढं 'कोण रडलं' हा प्रश्न लिही. आई मेली तेव्हा हा सातेक वर्षांचा. ती बारा मैलांवर दुसऱ्या मळ्यात, रात्री चालत येऊन त्याच्याजवळ झोपून पहाटेआधी परत जायची. तिच्या मरणाची बातमी ऐकून परकं कुणी गेल्यासारखं वाटलं, असं तो लिहितो. विद्यार्थी याला कोरडेपणा म्हणतात. तो पुरावा आहे. रडण्याइतकी आईसुद्धा त्याला मिळू दिली नव्हती. दुसरीकडं मालक मरतो तेव्हा वाटणी होते, आणि घोडे, मेंढरं, डुकरं, बायामाणसं एका ओळीत उभी करून सगळ्यांचं मोल ठरवलं जातं. म्हणजे मालकाच्या मरणानं गुलामाचं आयुष्य फाटतं आणि गुलामाच्या मरणानं मालकाची वही फक्त एका ओळीनं कमी होते. त्या भागातल्या गोऱ्या पोरांच्याही तोंडी असलेली म्हण डग्लसनं नोंदवलीय: काळ्याला मारायला अर्धा सेंट आणि पुरायला अर्धा सेंट. आलं लक्षात? पुरायचाही दर होता.

ऑरलँडो पॅटरसन या समाजशास्त्रज्ञानं १९८२ साली गुलामीला 'सामाजिक मृत्यू' म्हटलं. ही संज्ञा आता प्रत्येक प्रबंधात सापडते आणि बहुतेक वेळा नुसती शोभेला असते. तिच्या गाभ्याशी एक साधी गोष्ट आहे: गुलामाला पूर्वज मानायचा हक्क नाही आणि वंशज सांगायचाही नाही. वरची नाळ तुटलेली आणि खालचीही. डग्लसची आई आणि सेथची लेक या त्याच दोन तुटलेल्या नाळा आहेत. एवढं लिहून संज्ञा सोडून दे. हॅरिएट जेकब्सच्या १८६१च्या आत्मकथनाचा एक परिच्छेद जमला तर घाल. मालकापासून लपायला ती आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षं राहिली, उंची जेमतेम तीन फूट, आणि भोक पाडून खाली खेळणारी स्वतःची पोरं बघायची. जिवंतपणी कबरीत राहून आईपण टिकवलेली बाई सेथच्या शेजारी आपोआप बोलायला लागते.

आता मराठी. 'मढे झाकुनिया करिती पेरणी' हा तुकोबांचा चरण तुला पाठ असणार. पेरणीची घात साधायची म्हणून कुणबी घरातलं मढं झाकून शेतात जातो. अमेरिकेतल्या मळ्यांवर गुलामांची दफनं बरीचदा रात्री व्हायची, कारण दिवस मालकाचा. वरवर दोन्ही एकच. पण झाकणारा कोण आणि शेत कुणाचं, हे विचार. कुणबी स्वतःच्या हातानं झाकतो, स्वतःच्या दाण्यासाठी. गुलामाचं मढं दुसऱ्याच्या कापसासाठी थांबतं. या एका फरकावर पानभर लिहिता येतं, आणि ते तुझं स्वतःचं असेल.

तू कागलकडची, म्हणून आणखी एक. साखर कारखाना सुरू झाला की ऊसतोडीचा मुकादम फोनवर विचारतो, "किती कोयते आले?" एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन माणसं, नाव अवजाराचं, आणि मोजणी एक. अमेरिकेतल्या मळ्यांच्या वह्यांत गुलाम 'हात' म्हणून मोजत: धट्टाकट्टा तो पूर्ण हात, अंगावर पाजणारी बाई अर्धा हात, पोरगं पाव हात. ऊसतोड म्हणजे गुलामगिरी असं म्हणायची घाई करू नकोस. आगाऊ पैशांची उचल घेतलेली जोडी विकली जात नाही, तिची पोरं तिचीच राहतात. पण माणसाचं अवजार होताना भाषेत काय घडतं, हे तुला पुस्तकात शोधायची गरज नाही, फडात ऐकू येतं. ते कान घेऊन बेबी सग्जचं प्रकरण वाच. सेथची ही सासू म्हातारपणी मोकळी होते, कारण मुलानं पाच वर्षं रविवारी राबून तिची किंमत भरली. नदी ओलांडल्यावर ती स्वतःच्या हातांकडं बघते आणि हे हात माझे आहेत हे तिला पहिल्यांदा कळतं, मग छातीतली धडधड ऐकू येते आणि ती हसायला लागते. साठीच्या पुढं. मालकाच्या वहीतला 'हात' तिच्या मनगटाला परत जोडला गेला.

तिचंच मरण या कादंबरीत अंथरुणावरचं. शेवटचे दिवस ती रंग मागते: जांभळट काही असेल तर आण, नसेल तर गुलाबी. सेथ कापडाच्या चिंध्यांपासून स्वतःच्या जिभेपर्यंत दाखवते. सासूचं मरण सायीसारखं मऊ होतं, जगणंच अवघड होतं, असं सेथ सांगते. मृत्यू या सूत्रावर लिहिताना तू खोपीतल्या रक्ताला सहा पानं दिलीस आणि या रंगांना दोन ओळी. प्रमाण उलटं केलंस तरी मी हरकत घेणार नाही.

दलित साहित्याशी तुलना करताना मात्र जपून. दलित पँथर १९७२ साली अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव समोर ठेवून निघाली, आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णी अमेरिकन विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, हे दुवे पक्के आहेत, पण ते सगळेच देतात. वेगळेपण वही आणि मढं यांत शोध. गावकामगार महाराला मयताचा सांगावा घेऊन गावोगाव चालत जावं लागे, मेलेलं ढोर ओढावं लागे, मढ्यावरचं कापड त्याच्या वाट्याला. 'बलुतं', 'तराळ-अंतराळ' या आत्मकथनांतली ही पानं काढ. सगळ्या गावाच्या मरणाची उठाठेव ज्यानं करायची त्याच्या घरच्या मरणाला गाव येत नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द केलं, त्यामागं हीच बांधिलकीची साखळी होती. फरक कुठं? मळ्यावरची गुलाम बाई मालकाच्या पोराला अंगावर पाजायची. सेथचं दूध तर मास्तरचे पुतणे तिला दाबून धरून ओढून घेतात. तिथं दूध चालतं, बाई चालत नाही. इथं पाणीसुद्धा चालत नव्हतं. शाहू महाराज अस्पृश्य ठरवलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात चहा घ्यायचे ही गोष्ट भाषणांत ऐकून गुळगुळीत झालीय, पण आपल्याकडची झुंज स्पर्शाची आणि पेल्याची होती हे तिच्यातनं नेमकं कळतं. तिथं माणसाला किंमत लावली, इथं विटाळ लावला. दोन्ही एकच म्हणालीस तर दोन्हीकडचं दुखणं सपाट होतं.

एकच मराठी कथा घ्यायची असेल तर अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातलं सोनं' घे. वारणाकाठचा भीमा पोट भरेना म्हणून मुंबईला जातो, खाणीत लागतो, खाण बंद पडते, आणि एका राखेच्या ढिगात त्याला सोनं सापडतं. मग तो मढी उकरायला लागतो. शेवटी त्याची बोटं एका प्रेताच्या जबड्यात अडकतात आणि कापावी लागतात, आणि तेव्हाच कळतं की खाण पुन्हा सुरू झाली. हा गुलाम नाही, त्याला कुणी विकत घेतलेलं नाही. पण बोटं गेली ती कामाचीच. सात अक्षरांसाठी शरीर देणारी सेथ थडग्यांच्या दगडांत उभी आहे आणि भाकरीसाठी हात घालणारा भीमा मसणवट्यात. मेलेल्यांच्या जागेत जिवंत माणसाचा बाजारभाव ठरतोय. हे दोन प्रसंग ओळीनं वाचून बघ, एका बैठकीत.

मांडणीचं थोडं. सूत्रांची यादी करून प्रत्येकाखाली उदाहरणं भरू नकोस. एकेक वस्तू घेऊन चाल: शाई, दगड, दूध, हात, कोंबडा. प्रत्येक वस्तूतून गुलामगिरी आणि मरण दोन्ही आपोआप येतील, तुला जोडावी लागणार नाहीत. आत्मकथन आणि कादंबरी यांचं वजन सारखं धरू नकोस. डग्लसला गोऱ्या वाचकाला पटवायचं होतं, मॉरिसनला ते करायचं नव्हतं. उतारे मूळ इंग्रजीतून घेऊन मराठी तू स्वतः कर, आणि ते प्रमाण मराठीत करून बेबी सग्जला प्राध्यापक बनवू नकोस. तुझ्या आजीसारखी बोलू दे तिला. जुनी मराठी पुस्तकं हवी असतील तर करवीर नगर वाचन मंदिरात एक सकाळ घालव, तिथं न मिळालेलं विद्यापीठाच्या ग्रंथालयात बघ.

आणि पंधरा पानांत 'बिचारी' हा शब्द अकरा वेळा आलाय. मोजलाय मी. तेवढे काढ आणि पंधरवड्यात पुन्हा पाठव.